पाण्याने आखलेल्या वाटा

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर चौकजवळ असलेले लोधिवली हे खालापूर तालुक्यातील गाव बाहेरच्या माणसाला रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यामुळे माहीत असते. परंतु कारखान्यांच्या चिमण्यांवरून नजर वर गेली की हे गाव मुळात एका वनाच्छादित खोऱ्याच्या तळाशी वसले आहे हे ध्यानात येते. उत्तरेला प्रबळगड, इर्शाळगड आणि त्यांच्यामागे माथेरानचे पठार, दक्षिणेला पाताळगंगेपलीकडे माणिकगड, पूर्वेला खोपोलीच्या डोक्यावर सह्याद्रीची मुख्य भिंत आणि ईशान्येला कर्जतचे उल्हास खोरे अशी या परिसराची मांडणी आहे. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या तिन्ही शहरांपासून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर असे रान दुसरीकडे सहसा सापडत नाही, त्यामुळे गिर्यारोहकांच्या पाठोपाठ जाड टायरच्या सायकली घेऊन येणारे पाहुणेही या बाजूला वळू लागले. अशा पाहुण्यांसाठी जंगलात खास वाटा तयार कराव्यात ही कल्पना सहज सुचते. प्रत्यक्षात या खोऱ्यात वाटांचा तुटवडा नाही. त्या कशामुळे टिकतात आणि त्यांच्यावर हक्क कुणाचा, हे त्याहून अवघड प्रश्न आहेत.

डांबरी रस्ता सोडून मातीच्या, खडकाळ, चढउताराच्या वाटेवर सायकल चालवण्याच्या खेळाला माउंटन बायकिंग म्हणतात. त्याचा उगम १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात झाला, जिथे काही तरुण जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली टमाल्पाइस डोंगराच्या परिसरातील वणवा विझवणारे बंब जाण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत. १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या एका शर्यतीला 'रीपॅक' असे नाव पडले, कारण उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातले वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी पहिली डोंगरी सायकल बाजारात आली, १९९० मध्ये ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. महाराष्ट्रातील एका पिढीने नव्वदच्या दशकात 'रेंजर'सारख्या जाड टायरच्या देशी सायकली हौसेने घेतल्या खऱ्या, पण त्या शाळा, शिकवणी आणि नाक्यावरचे दुकान एवढ्याच वर्तुळात फिरल्या. सायकलीचे रूप डोंगरी आणि तिचा जन्म मात्र डांबरावर, असा तो काळ होता.

आजची डोंगरी सायकल त्या सायकलीहून पुष्कळ वेगळी आहे. रस्त्यावरच्या वेगवान सायकलीचा टायर सुमारे २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो, तर डोंगरी सायकलीचा टायर ५५ ते ६० मिलिमीटरपर्यंत जातो आणि त्यात हवा मुद्दाम कमी ठेवली जाते, जेणेकरून रबर दगडावर दबून त्याला धरून राहील. पुढच्या काट्यात धक्के शोषणारी रचना असते. साध्या चढउताराच्या प्रवासासाठी तिची हालचाल १०० ते १२० मिलिमीटर पुरते, केवळ उतारावर झेपावण्यासाठी बनवलेल्या सायकलीत ती २०० मिलिमीटरपर्यंत असते. या यंत्राला हवी असते ती दोन-तीन फूट रुंदीची, एका वेळी एकच चाकमाग मावेल अशी वाट, जिला या खेळात सिंगलट्रॅक म्हणतात. कर्जत-खालापूरच्या रानातील जवळपास प्रत्येक पायवाट याच रुंदीची आहे. फक्त ती सायकलीसाठी पडलेली नाही, आणि पुढचे सारे त्रांगडे तिथूनच सुरू होते.

या वाटा समजून घेण्यासाठी आधी डोंगराची घडण पाहावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा कातळ तयार झाला. या थरांपैकी काही कठीण आणि काही ठिसूळ असल्याने पावसाने झिजताना डोंगराला सरळ उतार न मिळता पायऱ्या मिळाल्या. कठीण थराचा कडा उभा राहिला आणि ठिसूळ थराच्या जागी कड्याखाली एक अरुंद, झाडीने भरलेली पट्टी उरली, जिला डोंगरातली माणसे पदर म्हणतात. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट सावली बहुधा या पदरात असते, तर त्याखालच्या उघड्या उतारांवर साग, पळस, कुडा आणि करवंदीच्या जाळ्या असतात. डोंगरापासून खाली उतरत गेलेल्या लांबट धारेला सोंड म्हणतात आणि दोन सोंडांमधल्या, पावसाळ्यात पाणी वाहून नेणाऱ्या उभ्या घळीला नाळ. सायकलस्वाराच्या दृष्टीने या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत: पदरातली वाट जवळपास एकाच पातळीवर वळसे घेत जाते म्हणून सर्वांत सुखाची, सोंडेवरची वाट उघडी आणि तीव्र, आणि नाळेची वाट दगडधोंड्यांनी भरलेली असल्यामुळे सायकल खांद्यावर घेण्याच्याच लायकीची.

या भूरचनेवर माणसांनी आपापल्या गरजेनुसार वाटा पाडल्या. ठाकर आणि कातकरी वाड्यांतून खाली बाजाराच्या गावाला उतरणारी वाट बहुधा सोंडेवरून थेट खाली येते, कारण डोक्यावर मोळी किंवा पाटी घेतलेल्या माणसाला वळणे परवडत नाहीत. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांचे तसे नव्हते. त्यांवरून लादलेले बैल चढत असत, आणि ओझ्याचा बैल उभ्या चढावर थांबतो म्हणून या वाटा नागमोडी वळणे घेत वर जातात. भिवपुरीच्या बाजूने अंदर मावळात चढणारी कुसूर घाटाची वाट त्याच जातीची आहे. बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे त्या घाटातून वर गेली, तेव्हापासून बाकीच्या घाटवाटांवरची वर्दळ ओसरत गेली. ज्या उरल्या त्या गुराखी, यात्रेकरू आणि पुढे गिर्यारोहक यांच्या पायांनी जिवंत राहिल्या. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून खालापूर तालुक्यातील चावणीकडे उतरणारी वाट तर इतिहासात नोंदलेली आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगली फौज या वाटेने खाली आली आणि उंबरखिंडीच्या झाडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला दोन्ही बाजूंनी कोंडले. अरुंद रानवाटेवर समोरासमोर आलेल्या दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही, ही गोष्ट तिथे युद्धनीती म्हणून वापरली गेली. आज तीच गोष्ट सायकलस्वार आणि मोळी घेऊन येणारी बाई यांच्या बाबतीत शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून उभी राहते.

वाटांचा खरा शत्रू मात्र पाणी आहे. माथेरानला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. पायथ्याशी प्रमाण कमी होते, तरी जुलैच्या एकेका रात्रीत पडणारा पाऊस जगातल्या पुष्कळ प्रदेशांच्या कित्येक महिन्यांच्या पावसाची बरोबरी करतो. उतारावर पडलेले पाणी सर्वांत जवळच्या रेषेने खाली धावते. वाटही त्याच रेषेने उतरत असेल तर ती वाट न राहता पन्हाळ होते, पहिल्या पावसाळ्यात माती जाते, दुसऱ्यात मुरूम जातो आणि तिसऱ्यात खाली कातळ आणि सुटे दगड तेवढे उरतात. मग चालणारी माणसे बाजूने नवी वाट धरतात, पाणी तिकडेही जाते, आणि काही वर्षांत एका सोंडेवर समांतर चार-पाच ओघळी दिसू लागतात. चौक आणि कर्जतच्या परिसरात वर्दळीच्या गडवाटांवर हे चित्र कुणालाही पाहता येईल.

सायकलवाटा बांधण्याचे जे शास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर विकसित झाले, ते जवळपास पूर्णपणे पाण्याला वाट करून देण्याचे शास्त्र आहे. त्यातला पहिला नियम असा की वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. म्हणजे डोंगर शंभर मीटर अंतरात तीस मीटर उतरत असेल तर वाट पंधरा मीटरहून जास्त उतरू नये, अन्यथा पाणी वाट ओलांडून पलीकडे न जाता वाटेनेच खाली जाते. सरासरी उतार शंभराला दहाच्या आसपास ठेवावा, हे दुसरे मार्गदर्शक प्रमाण. वाट डोंगराच्या कुशीत कोरून काढायची आणि तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित, शंभराला पाच इतका, झुकता ठेवायचा, म्हणजे वरून आलेले पाणी पातळ थराने वाटेवरून सरकून खाली निघून जाते. शिवाय दर थोड्या अंतरावर लांब उतारात मुद्दाम छोटासा चढ घालायचा. त्या खोलगट जागी वाटेवर साचू पाहणारे पाणी बाहेर पडते, आणि सायकलस्वाराला मात्र तो चढ म्हणजे खेळातली गंमत वाटते. इथे अभियांत्रिकी आणि आनंद यांचा इतका सरळ मेळ बसला आहे की एकासाठी केलेले काम दुसऱ्याला फुकट मिळते.

हे नियम परदेशी पुस्तकांतून आले असले तरी कोकणाला ते परके नाहीत. उतारावर बांध घालून भातखाचरे करणारा शेतकरी पाणी कुठे अडवायचे आणि कुठून सोडायचे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, आणि उभ्या जागी दगड बसवून केलेली पाखाडी ही वाटेचे पावसापासून रक्षण करण्याची जुनीच कोकणी रीत आहे. उलट परदेशी नियम जसेच्या तसे उचलले तर इथे फसतात, कारण ते बहुतेक वर्षभर विभागून पडणाऱ्या पावसासाठी बेतलेले आहेत. खालापूरच्या पावसात वाटेवरचे पाणी बाहेर पडण्याच्या जागा अधिक जवळजवळ हव्यात, ओहळ ओलांडण्याच्या ठिकाणी मातीऐवजी दगडी फरस हवी, आणि दर वर्षी दिवाळीच्या सुमारास वाट पुन्हा नीट करण्याचे काम हिशेबात धरलेले हवे. एकदा बांधली आणि झाले, अशी वाट सह्याद्रीत असू शकत नाही.

सायकलीच्या चाकांनी जंगलवाटा खराब होतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र दोष सगळा चाकाचाच असतो असेही नाही. अमेरिकेतील माँटाना राज्यातल्या वाटांवर विल्सन आणि सेनी या अभ्यासकांनी केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घोड्यांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी सायकलीच्या चाकांपेक्षा अधिक माती मोकळी केल्याचे आढळले, आणि ओल्या वाटेवर हा फरक विशेष ठळक होता. माँटानाची माती वेगळी आणि पाऊसही वेगळा, त्यामुळे हा निष्कर्ष कर्जतला सरसकट लावणे चुकीचे ठरेल. पण वाटेची आखणी बरोबर असली तर पाय, खूर आणि चाक यांतला फरक दुय्यम ठरतो, आणि आखणी चुकली तर केवळ पायांनीही ती वाट उद्ध्वस्त होते, इतके त्यातून निश्चित दिसते. सायकलीचा विशेष दोष एकच: उतारावर मागचे चाक जाम करून घसरत जाणारा नवशिका स्वार ओल्या मातीत सलग चर पाडतो आणि पुढच्या सरीचे पाणी त्या चरातून धावते.

याच कारणाने या भागातील सायकलिंगचा हंगाम पाऊस ठरवतो. छायाचित्रांत पावसाळी कर्जत सर्वांत मोहक दिसते, पण जून ते सप्टेंबर या काळात कातळावर शेवाळ धरलेले असते, ओढे अर्ध्या तासात फुगतात आणि वाटा मऊ असतात. तेव्हा डांबरी वा खडीच्या रस्त्यांवरच राहणे शहाणपणाचे. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत वाढलेले असल्याने वाट दिसत नाही आणि फुरसे, घोणस यांसारखे साप त्यात असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्यानंतर मुरूम सुटा होऊन उतारांवर घसारा तयार होतो, म्हणजे बारीक खड्यांचा असा थर की ज्यावर चाक धरत नाही. ऊन वाढते आणि वणव्यांचे दिवस येतात. पाण्याविषयी एक गोष्ट मात्र नवख्याला चकवते. टाटांच्या खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी अनुक्रमे पाताळगंगा आणि उल्हास या नद्यांना मिळते, म्हणून भर उन्हाळ्यातही या नद्या वाहत्या असतात. फेब्रुवारीत पात्र कोरडे असेल असे गृहीत धरून नदीपार जाण्याचा बेत आखणाऱ्याला पूल शोधत परतावे लागते.

पाहुण्या स्वाराला प्रत्यक्ष कुठे जाता येईल, याचे उत्तर त्याच्या तयारीवर अवलंबून आहे. जगभरच्या सायकलवाटांवर काठिण्य रंगांनी दाखवण्याची पद्धत आहे: हिरवा म्हणजे सोपा, निळा मध्यम, काळा अवघड. या मापाने पाहिले तर लोधिवली-चौक परिसरातील मोरबे धरणाच्या आसपासचे गावरस्ते आणि माणिकगडाच्या पायथ्याकडे, वाशिवलीच्या बाजूला जाणाऱ्या गाडीवाटा हिरव्या गटात मोडतील. तिथे दम लागेल तो उन्हाचा, वाटेचा नव्हे. कर्जतहून कोंडिवड्याकडे उल्हास नदीच्या काठाने जाणारा रस्ता सोपा आहे, पण त्यापुढे कोंढाणे लेण्यांच्या बाजूने राजमाचीला चढणारी जंगलवाट काळ्याहून काळी आहे आणि सायकल घेऊन ती चढणे हा खेळापेक्षा हमालीचा प्रकार ठरतो. त्याउलट लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतचा सुमारे पंधरा किलोमीटरचा कच्चा रस्ता घाटमाथ्याच्या रानातून जातो, निळ्या गटात बसतो, आणि या प्रकारच्या सायकलिंगची खरी ओळख करून देण्यास या पट्ट्यात त्याच्याइतका योग्य मार्ग दुसरा नाही.

इर्शाळगडाच्या बाजूची वाट वेगळ्या कारणाने विचारात घ्यावी लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री गडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबवण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाडीपर्यंत वाहन जाणारा रस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि मदत करणारी माणसे चिखलातून पायी चढत गेली. पाहुणा जिला मौजेची वाट समजतो ती कुणाच्या तरी दवाखान्याची, शाळेची आणि संकटकाळच्या सुटकेची एकमेव वाट असते. अशा वाटेवर उड्या मारण्यासाठी माती उपसून उंचवटे करणे, वळणावर कड रचणे किंवा पाणी बाहेर काढण्यासाठी कुणाच्या तरी खाचराकडे चर खणणे, हे परक्याच्या घरात भिंत पाडण्यासारखे आहे. वाटेवर कुणाला आधी जाऊ द्यायचे याबाबत या खेळाचा संकेत चढणाऱ्याला प्राधान्य देतो. खालापूरच्या वाटांवर त्याआधी एक कलम हवे, की डोक्यावर ओझे असलेला माणूस कोणत्याही दिशेने येत असो, सायकल थांबेल आणि दरीची बाजू स्वार घेईल.

कायद्याच्या बाजूने पाहिल्यास चित्र गुंतागुंतीचे आहे. डोंगरउतारांचा मोठा भाग राखीव वनात मोडतो आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश किंवा खोदकाम हा अपराध ठरतो. त्याच अधिनियमाने वनाधिकाऱ्याला, पर्यायी मार्ग उपलब्ध असल्यास, राखीव वनातील वाट मंजुरीने बंद करण्याचाही अधिकार दिला आहे. माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींचे वनावरील सामूहिक हक्क मान्य केले आणि ते ठरवण्याच्या प्रक्रियेत ग्रामसभेला मध्यवर्ती स्थान दिले. त्यामुळे वाट नव्याने आखायची तर वनखाते आणि ग्रामसभा या दोघांशी बोलल्याशिवाय ती आखणे बेकायदा आणि अव्यवहार्य, दोन्ही आहे. ज्यांना वाटेच्या देखभालीतून मजुरी आणि पाहुण्यांच्या जेवणाखाणातून उत्पन्न मिळेल, त्या वाड्यांतील माणसेच वाट राखतील. शहरातून येऊन एका रविवारी श्रमदान करणाऱ्यांच्या भरवशावर सह्याद्रीतली वाट पुढचा पावसाळा काढणार नाही.

वनाबाहेरच्या, खाजगी जमिनीतून जाणाऱ्या वाटांचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे, आणि त्याकडे सायकलस्वारांचे लक्ष कमी जाते. कर्जत-खालापुरात शेतजमिनींचे तुकडे पाडून फार्महाउससाठी विकण्याचा व्यवहार गेल्या काही दशकांत वाढत गेला. नव्या मालकाचे पहिले काम कुंपण, आणि कुंपणात जुनी वाट गेली की डोंगराकडे जाणारा माणूस, गुरे आणि सायकल तिघेही अडतात. कायदा इथे अगदी असहाय नाही. भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते, म्हणजे जुन्या मोजणीतील ३३ फुटी साखळीचे बरोबर चार आणे. वहिवाटीच्या रस्त्यावर अडथळा केल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून जाण्याचा मार्ग मिळू शकतो. मात्र यासाठी अर्ज करणारा स्थानिक शेतकरी लागतो. पाहुण्याला तो अधिकार नाही.

पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाच्या कामाने या पट्ट्यातील जमिनीची मागणी आणखी वाढवली आहे, आणि त्या मार्गावर चौक हे स्थानक आहे. मुंबईच्या बाजूने येणाऱ्या स्वारांना त्यामुळे खोरे जवळ येईल हे खरे, पण स्थानकापासून डोंगरापर्यंतच्या मधल्या तीन-चार किलोमीटरमधली शेते एकदा भूखंडांत विभागली गेली आणि नकाशावरची तुटक रेषा प्रत्यक्षात कुठून जाते हे सांगणारे जुने शेतकरी तिथे उरले नाहीत, तर रेल्वेतून उतरलेल्या सायकलीला डोंगराच्या पायथ्यापर्यंत महामार्गानेच जावे लागेल. पायथ्याच्या गावांतील ग्रामपंचायतींनी वहिवाटीच्या वाटांची मोजणी करून घेणे आणि त्यांच्या हद्दी दगड रोवून नक्की करणे हे काम त्याआधी व्हायला हवे. ते सायकलस्वारांसाठी केले तरी त्याचा पहिला उपयोग गुराख्यांना होईल.